गिरणीतल्या आया आणि डॉ. लूसी विल्स

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव काढले की आपल्याला लस आठवते, आणि ते योग्यच आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन ह्या ओडेसाच्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत प्लेगची लस तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. पुढे 1902 साली पंजाबात मुलकोवाल गावी एका बाटलीतली लस घेतलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनच्या माथी आला, आणि तो उतरायला 1907 साल उजाडले. काम करणाऱ्यावर आळ चटकन घ्यायचा आणि तो काढताना मात्र वर्षे घालवायची, ही रीत कारखान्यांतही आम्ही पुष्कळ पाहिली आहे. 1925 मध्ये संस्थेला त्याचे नाव मिळाले. असो.

पण श्रोतेहो, त्याच इमारतीत लशीखेरीज आणखी एक काम झाले. त्याची कथा गिरणगावात राहून गेलेल्यांनाही सहसा ठाऊक नसते. आम्ही संघटनेचे काम करणारी माणसे. शास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही, वाचनालयात बसून जमेल तेवढे गोळा केले. तरी ही कथा सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटते, कारण तिच्यात जे रक्त तपासले गेले ते कामकऱ्यांच्या घरातले होते.

1920 नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या दर पाच कामगारांमागे सुमारे एक बाई असे. वायंडिंग आणि रिळिंग ही खाती म्हणजे बायकांचीच. वर नायकीण, तिच्या वर मुकादम, आणि पगार कामाच्या वजनावर. पोटुशी बाई दिवस भरेपर्यंत खात्यात उभी राही, कारण घरी बसली की पगार बंद आणि जागाही गेली. तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवायचे आणि कामावर जायचे, हे डॉ. बार्न्स ह्या बाईंनी 1922 सालीच सरकारी ‘लेबर गॅझेट’मध्ये लिहून ठेवले होते.

ह्या शहरातल्या गरीब बायकांना गरोदरपणी एक विलक्षण पांडुरोग होई. बाई पांढरीफटक पडे, पायांना सूज येई, धाप लागे, आणि बाळंतपणाच्या सुमारास आई व मूल दोघेही हातचे जात. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले तर तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या दिसत. लोहाने ह्या रोगाला उतार पडत नसे. मग हा जंतूंचा उपद्रव, की पोटात उत्पन्न होणारे काही विष? ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ने ह्याच सुमारास मातांच्या मृत्यूंची चौकशी हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये चालविली होती. डॉ. मार्गारेट बाल्फर ह्यांनी त्या कामासाठी 1928 साली लंडनहून लूसी विल्स ह्यांना बोलावून घेतले.

विल्सबाईंचा जन्म 1888 चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राची परीक्षा 1911 मध्ये दिली, पण पदवी मिळाली नाही. त्या विद्यापीठाने बायकांना पदव्या देण्यास 1948 साल लावले! पहिल्या महायुद्धाच्या आरंभी त्या केपटाउनला रुग्णसेवेत होत्या. तिथून परत येऊन 1915 साली त्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या आणि 32 व्या वर्षी डॉक्टर झाल्या. उशिरा शिकलेल्या माणसांविषयी आमच्या मनात थोडा पक्षपात आहे, तो श्रोत्यांनी क्षम्य मानावा.

मुंबईत आल्यावर बाईंनी नुसत्या नळ्या आणि काचा हाती घेतल्या नाहीत. ह्या शहरातल्या निरनिराळ्या थरांतल्या बायका काय खातात व कशा राहतात ह्याची त्यांनी पाहणी केली. मेहता आणि तळपदे ह्या सहकाऱ्यांची नावे त्या लेखांवर आहेत. आमच्या मते सगळ्या शोधाची किल्ली इथे आहे. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध नावालाच, त्यांच्यात हा रोग अधिक; गरीब मुसलमान बायकांचा आहार सर्वांत निकृष्ट, आणि रोगाचा तडाखाही त्यांनाच सर्वांत मोठा. डॉक्टर रक्तात विष शोधीत होते. बाईंनी ताटात काय नाही ते पाहिले.

मग हे सिद्ध कसे करायचे? त्यांनी उंदरांना ह्या बायकांसारखे अन्न घातले, तेव्हा उंदीर पांडुरोगी झाले खरे. पण त्यांच्या अंगावरच्या उवांतून एक जंतू शिरत असल्याचे आढळले आणि पुरावा डागाळला. बाईंनी तो सोडून दिला व माकडांवर नव्याने आरंभ केला. निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या माकडांच्या रक्तात तशाच मोठ्या पेशी आल्या आणि मार्माइट दिल्यावर ती सुधारली. मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्लंडात तो लोक पावाला लावून खातात. 1926 साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी ह्यांनी दुसऱ्या एका पांडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय काढला होता, पण तो महाग. हा अर्क स्वस्त. रोगी बायकांना तो देताच नव्या तांबड्या पेशी भराभर निपजू लागल्या. 1931 साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या अर्कातला गुण कशाचा, हे तेव्हा कळले नव्हते. त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. 1937 च्या अखेरीस बाई काही आठवडे पुन्हा परळला आल्या. यकृताचा ओबडधोबड अर्क ह्या बायकांना लागू पडतो, पण शुद्ध केलेला पडत नाही, असे बार्बरा इव्हान्स ह्यांच्यासह त्यांनी 1938 मध्ये दाखविले. म्हणजे हे द्रव्य वेगळेच. 1941 साली पालकाच्या पानांतून काढलेल्या द्रव्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. 1945 मध्ये ते कृत्रिम रीतीने बनविल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्या अमेरिकन प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

आता त्याच काळाची दुसरी बाजू. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल चर्चेला होते. मालकांच्या बाजूने खर्चाची ओरड झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बिलाला पाठिंबा देताना सांगितले की, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि बाईच्या श्रमातून ज्या मालकाला लाभ होतो त्याने त्या भाराचा काही वाटा उचललाच पाहिजे. 1929 मध्ये कायदा झाला. इकडे काही मालकांनी बायकांनाच कमी करून सुटका शोधली, तीही ह्याच इतिहासात नोंदवायला हवी. प्रयोगशाळेतला पुरावा आणि कौन्सिलातले भाषण ह्यांची गाठ कुणी मुद्दाम घातली नव्हती. पण दोन्हीकडे तीच बाई होती.

विल्सबाई 1947 साली रॉयल फ्री हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या. त्याआधी युद्धात, लंडनवर बाँब पडत असताना, त्यांनी गरोदर बायकांना लोह देण्याची चाचणी घेतली. त्या मोटारीपेक्षा सायकल पसंत करीत, आणि पुढे चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. हे वाचले तेव्हा आम्हाला मुळीच आश्चर्य वाटले नाही. 16 एप्रिल 1964 रोजी त्या वारल्या.

आपल्या देशात लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदर बायकांना देण्याची योजना 1970 साली सुरू झाली. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर बायकांपैकी 52.2 टक्के पांडुरोगी आढळल्या. गिरण्यांचे भोंगे थांबले. आता आमच्याकडे येतात त्या साफसफाईच्या व शिलाईच्या कंत्राटी बाया. गोळी दवाखान्यात फुकट मिळते. पण ती घ्यायला सकाळी रांगेत उभे राहावे लागते, आणि त्या दिवसाचा खाडा पडतो. बाया हिशेबात पक्क्या असतात. त्या गोळी सोडतात, रोज सोडत नाहीत. म्हणून एका ठेकेदाराकडे दिलेल्या मागणीपत्रात आम्ही पगारवाढीच्या कलमाखालोखाल, गरोदर बाईच्या तपासणीचा दिवस भरपगारी धरावा, हे कलम घातले आहे. पहिल्या बैठकीत ते हसण्यावारी गेले. दुसऱ्या बैठकीत दोन तास तेवढ्यावरच बोलणे झाले.