गव्हाबरोबर आलेली माती
आमच्या साष्टी बेटांत, म्हणजे आजच्या अंधेरी-बोरीवली-मुलुंडच्या प्रदेशांत, भाताचीं खाचरें होतीं तेव्हां माणूस ज्या मातीवर राही तिचेंच अन्न बहुधा खाई. मातीचे गुणदोष त्याच्याच अंगीं उतरत.

बर्झेलियसनें १८१७ सालीं शोधलेल्या व चंद्रदेवतेचें नांव दिलेल्या सेलेनियमचा इतिहास हेंच सांगतो. चंद्राप्रमाणें यासहि दोन पक्ष आहेत. प्रौढ माणसास रोज सुमारें ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे ५५ दशलक्षांश, लागतात. रोजचें प्रमाण ४०० च्या पुढें गेलें कीं अपायाचें भय. चीनमध्यें केशान भागांत १९३५ सालीं हृदयविकाराची जी सांथ दिसली, तिचें मूळ पुढें सेलेनियमच्या उणिवेंत सांपडलें. एन्शी भागांत १९६१ ते १९६४ च्या सुमारास त्याच्याच अतिरेकानें लोकांचे केस व नखें गळलीं. दोन्हीकडे दोष पायांखालच्या जमिनीचा होता.

वऱ्हाडांत मात्र निराळेंच घडलें. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यांत शेगांवजवळील बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं माणसांचे केस मुठीमुठीनें हातांत येऊं लागले; चार दिवसांत टक्कल! लहान मुलें, उपवर मुली, कोणी सुटलें नाहीं. मुलखाचें पाणी खारें, तेव्हां पहिला संशय पाण्यावर जाणें स्वाभाविकच होतें. विंचूदंशावरील संशोधनानें कोंकणास सुपरिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं शिधावाटपाचा गहूं तपासविला. त्यांत किलोमागें १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालें. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: पाव किलो कणकींत वरील मर्यादेच्या नऊपट! गहूं धुऊनहि तें १३.६१ राहिलें, अर्थात् दोष दाण्याच्या आंतच होता. हा गहूं पंजाबचा, असें डॉक्टरांचें म्हणणें. तेथें शिवालिकच्या पायथ्याशीं होशियारपूर व नवांशहरकडील कांहीं जमिनी सेलेनियमयुक्त आहेत, हें कृषिशास्त्रज्ञांस पूर्वींच ठाऊक होतें.

आमच्या उपनगरांतील पोळीचा गहूं कोणत्या मातीचा, हें गिरणीवालाहि सांगूं शकणार नाहीं. पण आम्ही आज एका दुकानाचा, उद्यां दुसऱ्याचा गहूं आणतों. हा आमचा आपोआप झालेला बचाव होय. शिधापत्रिकेवर येईल तेंच खाणाऱ्यास ती निवड कोठली? बोंडगांवकडे कांहींचे केस पुन्हां उगवूं लागले. पण २०२५ च्या एप्रिलांत त्याच टापूंत कांहींचीं नखें गळूं लागलीं.