‘भरड’ धान्य : एका विशेषणाचा इतिहास

समाजाचा आहार कसा बदलत गेला हे शोधताना आपण शेतीची आकडेवारी पाहतो, पाककृतींची पुस्तके चाळतो. धान्यांना लावलेल्या विशेषणांकडे मात्र सहसा लक्ष देत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना आपण ‘भरड धान्ये’ म्हणतो. भरडणे म्हणजे जात्यावर जाडसर दळणे. मूळ क्रियापदात हीनत्वाची छटा नाही. गंमत अशी की भाकरीचे पीठ बारीकच लागते. जाडसर राहिले तर भाकरी थापताना चिरते. तरीही ‘कोअर्स ग्रेन’ या इंग्रजी संज्ञेसाठी शासकीय मराठीत हाच शब्द वापरात आला आणि ‘भरड’ म्हणजे हलके, गरिबाचे, हा अर्थ त्याला चिकटून राहिला.

दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात गहू हे प्रामुख्याने सणासुदीचे धान्य होते. पुरणपोळी होळीला, एरवी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. तिच्याबरोबर पिठले वा आमटी, पालेभाजी, कांदा, जमल्यास ताक. आहारशास्त्राच्या दृष्टीने ही जोडणी विचारात घेण्याजोगी आहे. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत ते भरपूर असते. म्हणून भाकरी-पिठल्यात एकाची उणीव दुसरे भरून काढते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास.

मग ही भाकरी मागे का पडली? १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. १९५६ पासून पी.एल. ४८० करारान्वये अमेरिकेचा गहू येऊ लागला. हरितक्रांतीनंतर सरकारी खरेदीचा भर गहू-तांदळावर राहिला आणि तेच रेशनवर आले. १९७२ च्या दुष्काळात तर अमेरिकेची लाल ज्वारी, ‘मिलो’, वाटली गेली. तिच्या भाकरीच्या आठवणी त्या पिढीकडून अजून ऐकायला मिळतात. दरम्यान पोळीला प्रतिष्ठा आली होती. शहरात नोकरीला लागलेल्या मुलाच्या डब्यात पोळी असणे हे घर वर आल्याचे लक्षण ठरले.

ही उतरंड कायद्यातही उमटली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. पुढे पाचच वर्षांत, एप्रिल २०१८ मध्ये, केंद्र सरकारने अधिसूचना काढून या धान्यांना ‘पौष्टिक धान्ये’ म्हणण्याचे ठरवले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. विशेषण बदलले, तोवर भावही बदलला होता. आज अनेक बाजारांत ज्वारी गव्हाहून महाग मिळते.

येथे स्मरणरंजनाचा मोह टाळला पाहिजे. ‘पूर्वी लोक भाकरी खात आणि निरोगी असत’ हे विधान इतिहासाला मान्य होणारे नाही. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या दख्खनमधील गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळत असे; हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. रोग होण्याचे एक मोठे कारण ताटात ज्वारीशिवाय फारसे काही नसणे हे होते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. शीर्षकातील ‘अपूर्ण’ हा शब्दच आपल्या ‘पूर्णब्रह्मा’च्या संस्काराला प्रश्न विचारतो : पूर्ण कोणासाठी?

दलित आणि ग्रामीण साहित्यात भाकरी वारंवार येते. वर्गात आपण ती भुकेचे प्रतीक म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. ते वाचन चुकीचे नाही. पण प्रतीकापाशी थांबल्याने ताट पाहायचे राहून जाते. ती भाकरी कशाची होती, तिच्याबरोबर डाळ होती की नुसती चटणी, घरातील बाईच्या वाट्याला किती आली, हे प्रश्नही त्या पाठाचाच भाग आहेत. आरोग्याचा इतिहास बहुधा त्यांच्या उत्तरांत सापडेल, आणि धान्याला पौष्टिक म्हणावे की भरड, हा प्रश्न त्यानंतरचा.