मांजराचं जेवण आणि बैलाचं पित्त

"आमची माऊ दूधभातावरच वाढली," हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. माझं मत विचाराल तर ती माऊ दूधभातावर नाही, उंदरांवर वाढली. दूधभात म्हणजे वरचा खाऊ.

मग घरात कोंडलेल्या मांजराला काय घालायचं? लंडनला हा प्रश्न फार आधी पडला. घोड्याचं उकडलेलं मांस काड्यांना टोचून दारोदार विकणारे फेरीवालेच होते तिथे! हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ च्या सुमारास लंडनच्या गरिबांवर लिहिताना अशा विक्रेत्यांची संख्या हजाराच्या घरात आणि मांजरांची सुमारे ३ लाख धरली होती. मांजरं तेव्हाही उंदीर मारतच होती, त्यामुळे कशाची कमतरता राहतेय हे कळायला मार्ग नव्हता.

ते कळलं १९७५ मध्ये, अमेरिकेत. हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मांजरांना प्रथिनं म्हणून फक्त केसीन दिलं. केसीन म्हणजे दुधातलंच प्रथिन, बरं का. त्या मांजरांच्या डोळ्यांचे पडदे झिजत गेले. रक्तात एक पदार्थ फार कमी निघाला, टॉरिन. हा काही नवा नव्हता. १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन संशोधकांनी तो बैलाच्या पित्तातून वेगळा काढला होता, नावही बैलाच्या लॅटिन शब्दावरून. गंमत बघा, मांजराचं पित्त तयार व्हायलाही टॉरिनच लागतं, ते सतत खर्च होतं, आणि मांजराचं शरीर ते जेमतेमच बनवतं. बाकीचं मांसातूनच यायला हवं.

आता "म्हणून विकतचंच घाला" असं कुणी म्हणेल, तर थांबा. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पायन या पशुवैद्यकाला हृदय कमकुवत होऊन मरणाऱ्या मांजरांमध्ये हीच कमतरता सापडली, आणि ती मांजरं तयार खाद्यावर वाढलेली होती! टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. डोळ्याचा झिजलेला पडदा मात्र परत येत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ काय? टॉरिन पाण्यात विरघळतं. कोंबडी उकडून आपण पाणी ओतून देतो, तेव्हा त्यातलं बरंचसं मोरीत जातं. ते पाणी ठेवा. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीत आणि हृदयात ते जास्त असतं, आणि खाटकाकडे हृदय स्वस्तही मिळतं. तेवढ्यानं आहार पूर्ण होत नाही, कॅल्शियम वगैरेचा हिशेब पशुवैद्यकाकडूनच करून घ्यायचा. आणि कांदा-लसूण घातलेला आपला रस्सा तर थेंबभरही नको, मांजराला तो विषारी आहे.