आठ नंबर, काळा

मागच्या पावसाळ्यात एका रात्री बाबा ऑफिसातून आले, बूट-मोजे काढले आणि हात धुवायला मोरीकडे गेले. त्यांच्या मागे फरशीवर लाल ठसे उमटत गेले. उजव्या करंगळीच्या कडेला फोड येऊन फुटला होता. आईने आरडाओरडा केला तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं.

"दुखलं नाही का?" मी विचारलं.

"नाही रे. कशानं लागलं असेल?"

बाबांना चौदा वर्षं शुगर आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. टेकला की 'हो' म्हणायचं. बाबा चार वेळा 'हो' म्हणाले. डॉक्टर मलमपट्टी करत म्हणाले, "आधी बूट बदला. यांचा पाय आता स्वतः तक्रार करणार नाही."

ते बूट तीनच आठवड्यांपूर्वी घेतलेले. आठ नंबर, काळे, लेसचे. डोंबिवली पूर्वेच्या एका दुकानात मी सोबत होतो. चवड्याला थोडे घट्ट वाटतात असं बाबा म्हणाले, तर विक्रेता म्हणाला, "चामडं आहे काका, चार दिवसांत सैल पडेल." साधा इअरफोन घेताना दोनशे रिव्ह्यू वाचणारा मी तिथे मान डोलावून मोकळा झालो.

मी सॉफ्टवेअरवाला. बग सापडला की आधी एकक तपासायचं, ही सवय. म्हणून पहिला प्रश्न: हा 'आठ नंबर' म्हणजे आठ काय?

उत्तर आहे, जवाचे दाणे. ब्रिटिश मापात बुटाचा एक नंबर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. बूट ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर घडवतात त्याला फर्मा म्हणतात. त्या फर्म्याची इंचांतली लांबी तिनाने गुणायची, त्यातून 25 वजा करायचे, की मोठ्यांचा ब्रिटिश नंबर मिळतो. (जुन्या भारतीय मोजमापातही जव आहेच. आठ जव म्हणजे एक अंगुळ. फक्त आपण दाणा आडवा मोजला, त्यांनी उभा.) युरोपचा नंबर सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाने वाढतो. म्हणून एकाच बुटाच्या पेटीवर तीन-तीन आकडे असतात आणि तिन्ही फक्त लांबीच सांगतात.

बाबांना लागलं होतं ते रुंदीत.

अमेरिकेत 1920च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने पाय मोजायचं धातूचं उपकरण बनवलं. ते तीन गोष्टी मोजतं: टाचेपासून बोटांपर्यंतची लांबी, चवड्याची रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर. तिसरं माप मला सगळ्यात आवडलं, कारण बूट वाकतो त्याच जागी पाय वाकायला हवा. आपल्याकडे रुंद पायाचा माणूस काय करतो? नऊ नंबर घेतो. मग रुंदी कशीबशी जमते, पण बूट भलत्याच जागी वाकतो, टाच मागे सुटते आणि घासून तिथे नवा फोड येतो.

आपले पाय मुळात कसे आहेत, हे मोजायला फार उशीर झाला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पुढाकाराने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर 79 ठिकाणी 1,01,880 लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरने मोजले गेले. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून भारतासाठी 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे बाबांनी सदतीस वर्षं नोकरी केली ती दुसऱ्याच कुणाच्या पायांसाठी आखलेल्या नंबरांत.

हे सगळं मी उत्साहाने बाबांना सांगितलं आणि इंटरनेटवर शोधून ठेवलेली मऊ, पट्ट्यांची, रुंद सँडल दाखवली.

"ऑफिसला सँडल?" बाबा म्हणाले. "नाही घालायची."

मी चिडलो. पाय महत्त्वाचा की पॉलिश? बाबा काही बोलले नाहीत. आई नंतर स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "आजोबांचं माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं, पण ऐकलेल्या गोष्टीसारखं. आजोबा माण तालुक्यातले. गावात पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना आमच्या माणसांनी वहाणा काढून काखेत धरायच्या. उन्हाळ्यात, माणच्या उन्हात. वाडा मागे पडला की पुन्हा घालायच्या. ज्या काळात चामड्याचं काम गावकुसाबाहेरच्या माणसांवर टाकलेलं होतं, त्याच काळात त्यांच्या पायांत त्या चामड्याच्या वहाणा असणं हा उद्धटपणा होता. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यात आपण कोट आणि हातातलं पुस्तक पाहतो. बाबा मला लहानपणी पायातले बूट दाखवायचे.

इंग्रजांनाही हे राजकारण नीट कळत होतं. रेल्वे 1853च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. ती कल्याणला पोचली त्याच 1854 साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने ठरवलं की बंगालमधल्या एतद्देशीय गृहस्थांना सरकारी समारंभात युरोपीय पद्धतीचे बूट घालून येता येईल. देशी जोडे घातले असतील तर ते मात्र बाहेरच काढायचे. पुढे 1862 मध्ये सुरतेच्या कोर्टात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला, त्यांना बाहेर जावं लागलं आणि त्यावरून मोठा वाद पेटला. पाय तोच, जमीन तीच. बूट इंग्रजी असेल तर माणूस आत, देशी असेल तर अनवाणी.

म्हणजे काळा, लेसचा, पॉलिश केलेला बूट हा आपल्याकडे आत जाण्याचा परवाना होता. आजोबांच्या मुलाने पहिल्या पगारात तो घेतला, फोर्टातल्या ऑफिसात शिरताना त्याला कुणी 'काढ' म्हटलं नाही, आणि मी त्याला म्हणत होतो, आता हा सोड, तुझ्या भल्यासाठी.

मी सँडलचा टॅब बंद केला आणि प्रश्न पुन्हा मांडला. बूट हवाच, काळाच हवा, लेसचाच हवा. तो न दुखणाऱ्या पायाला सुरक्षित कसा करायचा?

याचं उत्तर वेल्लोरला सापडलं. पॉल ब्रँड हे इंग्रज सर्जन 1946 मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तेव्हा सर्वसाधारण समजूत अशी की कुष्ठरोगात हातापायाचं मांस आपोआप झडतं. ब्रँड रुग्णांसोबत राहून पाहत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की मांस झडत नाही, ते इजा होऊन जातं. वेदना कळत नाही, म्हणून माणूस तापलेलं भांडं धरून ठेवतो, खिळ्यावर चालत राहतो. धडधाकट माणूस दूर चालताना नकळत पाय थोडा वेगळा टाकतो आणि भार एका जागेवरून दुसरीकडे सरकवतो. बधिर पाय हजारो पावलं त्याच बिंदूवर टाकतो. त्यातून वेल्लोरच्या मंडळींनी मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाची पादत्राणं विकसित केली. आज मेडिकल दुकानाबाहेर 'एमसीआर चप्पल' अशी पाटी दिसते ती हीच. ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तीच समज मधुमेहाच्या पायांना लागू पडली.

डोंबिवली स्टेशनचा पूल आठवा. सकाळी तिथे पाय वेगळा टाकायला जागाच नसते. गर्दी जिथे ठेवेल तिथे पाऊल.

रविवारी संध्याकाळी, पाय दिवसभराचे सुजलेले असताना, मी बाबांना खाकी कागदावर उभं केलं. दोन्ही पायांवर सारखा भार. पेन्सिल उभी धरून कड आखली. डावा पाय उजव्यापेक्षा सहा मिलिमीटर लांब निघाला. जुन्या बुटाचा इनसोल त्या आकृतीवर ठेवला तर दोन्ही बाजूंनी पाय बाहेर. बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढा रुंद आहे होय?"

कागद कापून घेऊन आम्ही ठाण्यापर्यंत चार दुकानं फिरलो. कागद बुटात सरकवायचा, कड दुमडली की बूट परत. मग आत हात घालून शिवण चाचपायची, कारण बाबांच्या पायाला टोचलं तरी ते सांगणार नाहीत. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला तर दबता कामा नये. बूट बोटांपाशी वाकावा, मध्ये वाकू नये, पिळला तर फडक्यासारखा पिळू नये. मोठ्या पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. एका विक्रेत्याने आमच्याकडे पाहून दुसऱ्याला डोळा मारला. आणखी एकाने मात्र तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि आतून मागच्या कपाटातून एक पेटी काढून आणली. रुंद फर्मा, वरून खोल, आतला इनसोल निघणारा. त्या जागी मऊ रबराचा इनसोल बसला. काळा, लेसचा.

"पॉलिश धरेल ना?" बाबांनी विचारलं.

"धरेल की, काका."

पहिला आठवडा रोज एक तास, घरातच. प्रत्येक वेळी काढल्यावर तळवे बघायचे, घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा. आता ते रोज सकाळी सात सत्तावीसची लोकल पकडतात. रात्री ते सोफ्यावर पाय वर करून बसतात आणि मी मोबाईलचा टॉर्च लावून एकेक बोट बाजूला करून पाहतो. त्यांना अजूनही ते संकोचाचं वाटतं. मुलाने पायाला हात लावायचा तो नमस्कारापुरता, असं म्हणतात. काल उजव्या टाचेवर लालसर डाग दिसला. दाबून पाहिला, पुसून पाहिला. चेरी ब्लॉसम होतं.