पटावर १९, वर्गात ११

मागच्या आठवड्यात बातमीसाठी एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. नवीन बाई रुजू झाल्यात. पहिलीच नेमणूक, उत्साह दांडगा. वर्षभरात काय काय करायचं त्याची यादीच त्यांनी वहीत लिहून ठेवली होती. वाचनकोपरा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर तक्ते, दारापाशी चाकाच्या खुर्चीसाठी नीट उतार, घरच्या बोलीवरून कुणी कुणाला हसायचं नाही. वाचून खरंच बरं वाटलं.

सहज विचारलं, "पटावर किती?"
"१९."
"आज आलेत किती?"
"११."

मग दोघंही थोडा वेळ गप्प. परत येताना माझ्या डोक्यात कोसबाड घोळत होतं.

ताराबाई मोडक हे नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. राजकोटची महिला कॉलेजची प्रिन्सिपॉलकी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार. तिथं सगळं छान चाललं होतं. पण ही छान शाळा शहरातल्या, बऱ्या घरातल्या मुलांचीच, ही खंत त्यांना होती. म्हणून १९४५ मध्ये वयाच्या पन्नाशीनंतर त्या डहाणूजवळ बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिकून पुण्यात हुजुरपागेत शिक्षिका, अशी ही बाई.

बोर्डीत बालवाडी उघडली. दार सगळ्यांना उघडं होतं. तरी तेव्हा जिला हरिजनवाडा म्हणत, त्या वस्तीतली पोरं येईनात. आपल्याकडं अशा वेळी ठरलेलं वाक्य असतं, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." ताराबाईंनी ते म्हटलं नाही. पोरं येत नाहीत ना, मग आपण जाऊ. वस्तीतल्याच अंगणात त्यांनी बालवाडी भरवली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज गावोगावी पाटीवर दिसणारा शब्द इथला आहे.

१९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेल्या. तिथं अडचणी आणखी वेगळ्या. पोरगी शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटा भाऊ आहे. आईबाप मजुरीला गेलेत, तिनं त्याला ठेवायचं कुठं? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. धाकटा पाळण्यात, थोरली वर्गात.

मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागं असतो. मग शिक्षकच कुरणावर गेले. तीच कुरणशाळा. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, खडे, पानं घेऊन मोजणी अन् ओळख शिकवली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे. या बायकांनी वर्ग सजवण्याआधी 'कोण आलं नाही आणि का' हे विचारलं. कारण अंतराचं असेल तर एक उपाय, कडेवरच्या भावंडाचं असेल तर दुसरा, गुरांचं असेल तर तिसरा. वर्गात काय हवं ते या उत्तरावरून ठरलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. ते बघायला ताराबाई नव्हत्या, १९७३ मध्येच त्या गेल्या. अनुताई मात्र १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, त्या कामातच राहिल्या.

आणि आज? २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायची चर्चा गेली काही वर्षं आपण ऐकतोय. गाडीची सोय करू म्हणतात. करतीलही. पण पावसाळ्यात आपल्या वाड्यांवरचे रस्ते कसे असतात ते मी बातम्यांतून वीस वर्षं लिहितोय. तेव्हा शाळा टेकडी चढून पोरांकडे गेली होती. आता पहिलीतल्या पोरानं शाळेमागं जायचं. बाईंच्या शाळेचा पट १९ आहे, हे वर सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन करून कोसबाडची ही सगळी हकिगत सांगितली. काल त्यांचा निरोप आला. यादीच्या वर त्यांनी न आलेल्या ८ मुलांची नावं लिहिलीत. पाच घरी जाऊन आल्या. दोन मुली भावंडं सांभाळतात, एक मुलगा शेळ्यांमागं असतो, दोघं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेत. तीन घरं राहिलीत.

तुमच्या वाडीवरही अशी नावं असतील. कमेंटमध्ये लिहू नका, मुलांची नावं आहेत ती. शाळेत जाऊन गुरुजींना, बाईंना सांगा. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला समितीतल्या पालकांना सांगा.