महिलांचा रोजचा थकवा : अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी तक्रार खरीच

भिलाई (छत्तीसगड) : पोलाद कारखान्याच्या सकाळच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराचा डबा पहाटेच भरावा लागतो. सेक्टर 10 सारख्या कारखान्याच्या वसाहतींत त्यासाठी घरातील स्त्री उजाडण्यापूर्वी उठते. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की जेवणाच्या वेळा बदलतात. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, तेव्हा मुलांचा आवाज आवरण्याचे कामही तिचेच असते. कामगाराच्या पाळीची नोंद कारखान्यात होते, मात्र त्या पाळीबरोबर फिरणाऱ्या गृहिणीच्या झोपेची नोंद कोठेही होत नाही. ‘हातपाय गळून जातात’, ‘सकाळी उठल्यापासूनच अंगात त्राण नसते’ या तक्रारींचा विचार येथून सुरू करावा लागतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, देशात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे देतात. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांचीही जवळपास तेवढीच कमी झाली. मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांची शुश्रूषा या हिशेबात धरलेली नाही.

अर्थात, सगळा थकवा कामाचाच असतो असे मानणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 54.2 टक्के, तर छत्तीसगडमध्ये 60.8 टक्के होते. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय मानला जातो. गर्भवतीसाठी ही मर्यादा साधारणतः 11 आहे. हिमोग्लोबिन कमी झाले की पेशींना प्राणवायू अपुरा मिळतो. परिणामी जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, लक्ष लागत नाही. हे हळूहळू होत असल्याने अनेक स्त्रिया त्यालाच आपली प्रकृती समजून बसतात.

मासिक पाळीतील अतिरक्तस्राव हे यामागील सर्वाधिक दुर्लक्षित कारण होय. सात दिवसांहून अधिक काळ चालणारा, मोठ्या गाठी पडणारा किंवा दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागेल असा स्राव स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे. गळती तशीच राहिली तर गोळ्यांनी भरलेले लोह पुन्हा वाहून जाते. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आरोग्य केंद्रांतून दिल्या जातात. उपचाराच्या गोळ्या सुरू केल्यानंतर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढावयास हवे आणि ते सामान्य झाल्यावरही शरीरातील साठा भरण्यासाठी उपचार सुमारे तीन महिने चालू ठेवावे लागतात. बहुतेकींचे उपचार नेमके येथेच सुटतात, कारण बरे वाटू लागलेले असते.

छत्तीसगड आणि विदर्भाच्या पट्ट्यात आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. या भागात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर गोळ्यांचे प्रमाण परस्पर वाढवू नये. सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ 1 जुलै 2023 रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला असून तिच्यात अशा चाचण्यांवर भर आहे.

आहाराच्या बाबतीत महागड्या टॉनिकपेक्षा ताटातील क्रम महत्त्वाचा आहे. छत्तीसगडी स्वयंपाकातील लाल भाजी, मुनग्याची म्हणजे शेवग्याची पाने, डाळी यांतून लोह मिळते, मात्र वनस्पतीतील हे लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास शोषण वाढते, तर जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते घटते. चहा तासभर पुढे ढकलणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. तोही घरातील सर्वांची ताटे वाढून झाल्यावर उरलेले खाण्याची रीत चालू असेल तर अपुराच पडतो.

थायरॉइडची मंदावलेली क्रिया, मधुमेह, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, क्षयरोग आणि घोरण्यासह होणारा झोपेतील श्वासरोध यांचीही सुरुवात अनेकदा थकव्यानेच होते. चाळिशीनंतर रजोनिवृत्तीच्या आसपास झोप मोडू लागते. थकव्यासोबत वजन घटणे, सततचा ताप, छातीत दुखणे किंवा काळे शौच अशी लक्षणे असतील तर विलंब करू नये.

आणि सर्व अहवाल सामान्य आले तर? या प्रश्नाचे उत्तर गोव्यातील एका अभ्यासात मिळते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील 18 ते 50 वयोगटातील सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2005 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केले. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थकवा असल्याचे सुमारे 12 टक्के स्त्रियांनी सांगितले. या थकव्याचा हिमोग्लोबिनच्या पातळीशी संबंध आढळला नाही. तो आढळला तो खालावलेल्या मानसिक स्वास्थ्याशी, घरावरील कर्जाशी, उपासमारीशी, पतीकडून होणाऱ्या लैंगिक हिंसेशी, त्याच्या व्यसनाच्या चिंतेशी आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेता न येण्याशी. रक्तक्षय निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. परंतु रक्ताचा अहवाल पाहून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगणे वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

त्यामुळे तपासणीला जाताना थकवा कधीपासून आहे, पाळीत किती स्राव होतो, सलग किती तास झोप मिळते हे लिहून नेणे उपयोगी ठरते. डॉक्टरांनीही झोप, मनःस्थिती आणि घरातील परिस्थितीची विचारणा एकांतात करावी. सोबत पती किंवा सासू असताना खरे उत्तर मिळणे कठीण. वसाहतीतील घरांत पाळीचे वेळापत्रक आधीच ठाऊक असते. पहाटेच्या डब्याची तयारी रात्री इतरांनी केली, सुटीच्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्याने पाहिला, तर सलग झोपेचे काही तास परत मिळवता येतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा कशातच मन न लागणे चालू असेल, तर ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. घरात हिंसा होत असल्यास 181 ही महिला हेल्पलाइन उपलब्ध आहे.