ऑनलाईन थेरपी आपल्यासाठी योग्य आहे का? ठरवण्याआधी तपासायच्या गोष्टी

जुन्नर तालुक्यातलं डिंगोरे हे कल्याण-नगर महामार्गावरचं गाव. ओतूरच्या पुढे, माळशेज घाटाच्या दिशेला. इथून पुणे साधारण शंभर किलोमीटर. पुण्यातल्या समुपदेशकाला पाऊण तास भेटायचं, तर आळेफाटा किंवा नारायणगाव गाठायचं, तिथून पुढची एसटी, मग चाकणची वाहतूक कोंडी आणि संध्याकाळी तोच प्रवास उलटा. एका भेटीत अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. थेरपीत तर सहसा दर आठवड्याला एक, अशा अनेक भेटी लागतात. त्यामुळे सुरुवात झाली तरी ती टिकत नाही.

फोन किंवा व्हिडिओ कॉलवरच्या थेरपीने हे अंतर मिटतं. पण सोयीची आहे म्हणून ती प्रत्येकाला योग्य ठरेलच असं नाही. त्रास किती गंभीर आहे, समोर कोण बसलंय, बोलायला एकांत मिळतो का आणि काही भेटींनंतर फरक पडतोय का, या चार गोष्टींवर निर्णय घेता येतो.

ऑनलाईन थेरपी म्हणजे नेमकं काय?

प्रशिक्षित व्यक्तीसोबत ठरलेल्या वेळी व्हिडिओवर, फोनवर किंवा लिहून केलेला संवाद म्हणजे ऑनलाईन थेरपी. मूड नोंदवणारं ॲप, ध्यानाचे व्हिडिओ किंवा एआय चॅटबॉट यांचा थोडाफार आधार वाटू शकतो, पण ती थेरपी नव्हे. तिथे तुमच्या प्रकृतीची जबाबदारी घेणारं माणूस नसतं.

गरज मात्र मोठी आहे. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात मानसिक आजार होता. नैराश्य असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांना उपचारच मिळत नव्हते. त्याला अंतर हे एक कारण, लाज हे दुसरं. ‘याला आता येरवड्याला न्यावं लागेल’ हा टोमणा पुणे जिल्ह्यात कुणाला नवा नाही. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे प्रत्यक्षात उपचारांचं ठिकाण. पण त्याचं नाव चेष्टेत वापरलं गेल्याने माणसं मदत मागायला कचरतात. अशा वेळी घरातून बोलता येणं ही पहिली पायरी सोपी करतं.

समोर कोण आहे?

जाहिरातीत सगळेच ‘थेरपिस्ट’ असतात. पण फरक आहे.

- मानसोपचारतज्ज्ञ: हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं तेच लिहू शकतात. त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते.
- चिकित्सा मानसशास्त्रज्ञ: हे चाचण्या आणि थेरपी करतात, औषधं देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते.
- समुपदेशक: यांचं शिक्षण पदव्युत्तर पदवीपासून काही आठवड्यांच्या कोर्सपर्यंत काहीही असू शकतं. म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारणं इथे सर्वांत गरजेचं.

ऑनलाईन औषधांसाठी २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना लागू आहेत. त्यानुसार डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनवर आपला नोंदणी क्रमांक देणं बंधनकारक आहे. अमली पदार्थांच्या यादीतली आणि शेड्यूल एक्समधली औषधं ऑनलाईन लिहिता येत नाहीत. रुग्ण अल्पवयीन असेल तर सोबत मोठी व्यक्ती हवी. ‘फोन करा, झोपेच्या गोळ्या घरपोच मिळतील’ असं कुणी सांगत असेल तर तिथून लांब राहा.

कुणाला उपयोग होण्याची शक्यता जास्त?

सौम्य ते मध्यम नैराश्य, सततची काळजी, घाबरण्याचे झटके, झोप न लागणं, जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचं दुःख, नवरा-बायकोतला ताण, परीक्षेचं दडपण यांत ऑनलाईन थेरपी चांगली चालते. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या सीबीटी पद्धतीवर अनेक अभ्यास झाले आहेत. तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली ती ऑनलाईन घेतली तर नैराश्य आणि चिंता यांत समोरासमोरच्या थेरपीइतकाच उपयोग होऊ शकतो, असं त्यांतून दिसलं आहे. मार्गदर्शनाशिवाय नुसतं ॲप वापरणारे मात्र लवकर सोडून देतात.

कांद्याचा किंवा टोमॅटोचा भाव पडला, डोक्यावर कर्ज आहे, अशा वेळी थेरपीने कर्ज फिटत नाही. पण झोप, चिडचिड, दारू आणि घरातली भांडणं यांवर तिचा उपयोग होतो. कर्जाच्या प्रश्नासाठी बँक किंवा सोसायटीशी बोलणं वेगळं करावंच लागतं. चांगला समुपदेशक हे स्वतःहून सांगतो.

कुठे ऑनलाईन पुरेसं नाही?

- कानात आवाज येणं, कुणीतरी मागावर आहे असा पक्का संशय, अनेक दिवस झोपेशिवाय अतिउत्साह.
- जेवणखाण जवळपास बंद होणं, वजन झपाट्याने उतरणं.
- रोजची दारू अचानक बंद केल्यावर थरथर, फिट किंवा भ्रम. हे जीवावर बेतू शकतं. थेट रुग्णालय गाठा.
- घरात मारहाण होत असेल आणि मारणारी व्यक्ती कॉल ऐकू शकत असेल.
- जीव संपवण्याचे विचार किंवा तयारी.

शेवटच्या बाबतीत पुढच्या सेशनची वाट पाहू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि ११२ किंवा १०८ वर फोन करा. शेतकरी कुटुंबात फवारणीची औषधं हाताशी असतात. ती घराबाहेर कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. पोलिसांच्या भीतीने अनेक घरं असे प्रकार लपवतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे.

एकांत मिळेल का?

गावात कुणाच्या दवाखान्याबाहेर कुणाची गाडी उभी आहे, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. त्या दृष्टीने फोन सुरक्षित वाटतो. पण घरात सासू-सासरे, दीर-जावा, मुलं आणि मधे पातळ भिंत असेल तर मोकळं बोलणार कुठे? ज्या सुनेला सासरबद्दल बोलायचंय, तिचं बोलणं शेजारच्या खोलीत ऐकू येत असेल तर सेशनमध्ये हवापाण्याच्या गप्पाच होतील.

त्यासाठी काही मार्ग आहेत. घरातले शेतावर असतानाची वेळ घ्यावी, इअरफोन वापरावा, उभ्या गाडीत किंवा मैत्रिणीच्या घरी बसावं. शेतात जाऊन बोलायचं तर दिवसाउजेडी. जुन्नर परिसरात बिबट्यामुळे अंधारात एकटं बसणं धोक्याचं. कुणी अचानक आलं तर विषय बदलण्यासाठी समुपदेशकासोबत एक साधा शब्द आधीच ठरवता येतो. डोंगराआडच्या वाड्यांवर व्हिडिओ अडकत असेल तर साधा फोन कॉल चालेल का, हेही विचारावं.

एकांताचा दुसरा भाग कंपनीकडे असतो. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या थेरपी कंपनीने ग्राहकांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर देण्याच्या अटीवर ते प्रकरण मिटलं. म्हणून ॲपवर नाव-नंबर टाकण्याआधी माहिती कुणाला दिली जाते ते वाचा.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

१. तुमचं शिक्षण काय, नोंदणी क्रमांक कोणता?
२. माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता?
३. मराठीत बोलता येईल का?
४. एका भेटीचे पैसे किती, साधारण किती भेटी लागतील, रद्द केल्यास पैसे परत मिळतात का?
५. बोलणं रेकॉर्ड होतं का? गोपनीयता कधी मोडावी लागते?
६. दोन भेटींच्या मधे त्रास वाढला तर काय करायचं?

यांतल्या एकाही प्रश्नावर समोरची व्यक्ती चिडली, किंवा ‘दहा भेटींचं पॅकेज आजच घ्या’ म्हणाली, तर दुसरी व्यक्ती शोधावी.

पैसे न खर्चता सुरुवात

केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. तिथे प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. ऑनलाईन बोलणं आपल्याला जमतं का, हे पाहण्यासाठीही हा फोन उपयोगी आहे. सोबत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात का आणि कोणत्या दिवशी, याची चौकशी करून ठेवावी.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं?

पहिल्या भेटीनंतर कधी हलकं वाटतं, कधी उलट जास्त रडू येतं. दोन्ही स्वाभाविक आहे. तीन-चार भेटींनंतर मात्र स्वतःला विचारावं: झोप सुधारली का? कामाला हात लागतोय का? या व्यक्तीला खरं सांगता येतंय, की काही लपवतोय?

उत्तरं ‘नाही’ असतील तर आधी तसं समुपदेशकालाच सांगावं. पद्धत बदलता येते. तरीही जमत नसेल तर माणूस बदलावा किंवा समोरासमोर भेटावं. दोन्हींचा मेळही घालता येतो: पहिली तपासणी पुण्याला किंवा जवळच्या डॉक्टरांकडे प्रत्यक्ष, पुढच्या भेटी फोनवर आणि अधूनमधून एक फेरी. डिंगोऱ्यासारख्या गावातून दर आठवड्याच्या प्रवासापेक्षा ही व्यवस्था जास्त काळ टिकण्यासारखी आहे.